अळी शिकली नाही, निवडली गेली

डिसेंबर २०१७. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्य सरकारला बोंडअळीग्रस्त कापूस उत्पादकांसाठी मदत जाहीर करावी लागली. विदर्भ-मराठवाड्यात बोंडे वरून हिरवीगार आणि आतून पोखरलेली निघाली होती. कित्येकांनी उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर घातला. त्यानंतर महिन्याभरात, जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत एका वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह बोलले. डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढले. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधाने टाळण्याचा सल्ला आपल्या सहकाऱ्याला दिल्याचे सांगितले. चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला.

माझ्या मनातून मात्र या दोन बातम्यांची जोडी गेलेली नाही. उत्क्रांती कोणी पाहिली, असा प्रश्न ज्या मराठवाड्यात विचारला गेला, त्याच मराठवाड्यातले शेतकरी त्याच हंगामात उत्क्रांतीने खाल्लेला कापूस उपटून टाकत होते. पाहिली होती त्यांनी. हातातोंडाशी आलेला घास जाताना पाहिली होती. फक्त तिला उत्क्रांती म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मी औंढा नागनाथ तालुक्यातल्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. घरी हळद, सोयाबीन आणि थोडा कापूस आहे. शेती माझे धाकटे दीर पाहतात. त्या साली बांधावर उभे राहून ते मला म्हणाले होते, "वहिनी, अळी हुशार झाली आता. बीटी पचवायला शिकली." आमच्या भागात सगळे असेच बोलतात. ऐकायला बरोबरही वाटते. पण नेमका इथेच घोळ आहे, आणि एवढा एक घोळ सुटला तर डार्विनपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत बऱ्याच गोष्टींकडे नीट पाहता येते, असे माझे मत आहे.

आधी अळीचे काय झाले ते सांगते. बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली २००२ मध्ये. मातीतल्या एका जिवाणूचे विष तयार करणारे जनुक कापसाच्या झाडातच घातलेले होते. २००६ मध्ये दोन विषांचे बियाणे आले. हे विष अळीच्या आतड्यातल्या एका विशिष्ट प्रथिनाला चिकटते, आतडे फाटते आणि अळी मरते. आता लाखो अळ्यांत एखाद्या अळीचे ते प्रथिन जन्मतःच वेगळे असते. विषाला चिकटायला जागाच मिळत नाही. ही अळी काही हुशार नसते, तिला विषाचा पत्ताही नसतो. एरवी तिच्या त्या वेगळेपणाचा काडीचा उपयोग नव्हता. पण शिवारच्या शिवार बीटी झाले तेव्हा बाकीच्या मेल्या आणि ती उरली. तिच्यासारख्याच उरलेल्या पतंगाशी तिची जोडी जमली. साधारण महिन्याभरात एक पिढी, हंगामात चार-पाच पिढ्या. २०१० मध्ये गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट जिल्ह्यांत पहिले विष निकामी ठरल्याचे बियाणे कंपनीनेच मान्य केले. पुढच्या पाच-सहा वर्षांत दुसरेही गेले, आणि २०१७ मध्ये आपल्याकडे हाहाकार झाला. एकही अळी आयुष्यात काही शिकली नाही. आई-वडिलांकडून जे घेऊन जन्मली तेच घेऊन मेली किंवा जगली. बदलली ती अळ्यांची जमात.

शास्त्रज्ञांनी भारतातल्या शेतांतून अशा अळ्या गोळा करून त्यांची जनुके वाचली. पहिल्या विषाला न जुमानणाऱ्या अळ्यांत आतड्याच्या त्या प्रथिनाची, कॅडहेरिनची, एक-दोन नव्हे तर अनेक बिघडलेली रूपे सापडली. कोणी ठरवून केलेली सुधारणा असती तर एकच नीटनेटका बदल दिसला असता. इथे दिसतात नाना तऱ्हेचे बिघाड, आणि त्यांतला जो जो कामी आला तो तो टिकलेला. माझ्या मते उत्क्रांतीची याहून स्वच्छ साक्ष दहावीच्या मुलाला देता येणार नाही, कारण पुरावा संग्रहालयातल्या काचेमागे नसून त्याच्या बापाच्या शेतात आहे.

हे अटळ होते का? नव्हते. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक वेगळी पुडी मिळायची, बिगर-बीटी बियाण्याची. तिला रेफ्युजी म्हणत. ती शेताच्या कडेने लावायची, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, त्या वेगळ्या अळीशी त्यांचा संकर होईल आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडेल. ती पुडी आमच्याकडे बहुतेकांनी बांधावर टाकून दिली. कशासाठी आहे हे दुकानात कोणी सांगितले नाही, आणि चांगल्या रानात मुद्दाम अळीला चारा लावायचा हे कोणाला पटणार? त्यात फरदड. पाणी आहे म्हणून कापूस मार्चपर्यंत उभा ठेवला आणि अळीला वर्षभर जेवण मिळाले. हीच शेंदरी अळी अमेरिकेतल्या ॲरिझोनातही होती. तिथे १९९६ पासून बीटी कापूस आहे. शेतकऱ्यांनी बिगर-बीटी पट्टे लावले, पुढे २००६ पासून नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने देशाच्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचे जाहीर केले. अळी तीच, पहिले विषही तेच. फरक पडला तो निवड कशी चालते हे समजून शेती केल्यामुळे. उत्क्रांती न शिकवण्याची किंमत कोण भरते, हे यावरून कळावे.

मागच्या हंगामात मी मुलांना हिरवी बोंडे आणायला सांगितली. कृषी खात्याचा सांगावा असा, की शेतातली २० बोंडे उकलून पाहावीत आणि दोनांत जिवंत अळी निघाली तर फवारा घ्यावा. आम्ही वर्गातच बोंडे फोडली. वरून एकही डाग नाही आणि आत सरकीत शिरलेली गुलाबी अळी वळवळतेय, हे पाहून मागच्या बाकावरची पोरे पुढे आली. एका मुलीने घरून फोन आणला होता. तिने त्यावरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत विचारले, बोंडअळी बीटीने का मरत नाही? उत्तर झटकन आले, भाषा शुद्ध, आणि त्यात लिहिले होते की अळीने काळानुसार स्वतःमध्ये बदल घडवून विषाशी जुळवून घेतले. माझ्या दिरांचेच म्हणणे, जरा प्रमाण भाषेत.

मला त्याचे नवल वाटले नाही. हे यंत्र माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरातून, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो, हे हेरून वाक्ये जुळवते. बहुसंख्य माणसे जसे बोलतात तसे ते बोलते. मुलीने पुन्हा विचारले, "म्हणजे एकाच अळीत बदल झाला का?" तेव्हा त्याने आधीचे उत्तर सोडून बरोबर उत्तर दिले. दुसरा प्रश्न विचारायला मात्र तिला आधीच शंका यावी लागली, आणि शंका आली ती समोर बोंड फोडले होते आणि पाठ शिकवला होता म्हणून. ज्याच्याकडे शंका नाही त्याच्या पदरात पहिलेच उत्तर पडते. आज गावोगाव फोनवर सल्ला घेणाऱ्यांची मला म्हणूनच काळजी वाटते.

आता मूळ वादाकडे येते. नीट बसलेली, कामाला येणारी रचना दिसली की तिच्यामागे कोणाचा तरी मेंदू असणार, हा माणसाचा जुना अंदाज आहे. विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ मध्ये तो घड्याळाचे उदाहरण देऊन मांडला: घड्याळ सापडले तर ते घडवणारा असलाच पाहिजे, मग डोळ्याचे काय? अमेरिकेत हाच विचार पुढे ‘बुद्धिमान रचना’ या नावाने शाळांत शिरू पाहत होता. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या पालकांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला, की हे विज्ञान नाही आणि सरकारी शाळेच्या विज्ञानाच्या तासाला ते शिकवता येणार नाही. आपल्याकडे हा वाद कोर्टात फारसा रंगला नाही. तो सप्ताहाच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत आणि कधी कधी मंत्र्यांच्या भाषणात असतो.

मी श्रद्धेच्या विरोधात लिहीत नाही. आमच्या तालुक्यात नागनाथाचे ज्योतिर्लिंग आहे आणि जिल्ह्यातले नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. इथेच नामदेवांना विसोबा खेचर भेटल्याची कथा लहान पोरालाही पाठ असते. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले, नामदेव रागावतात, विसोबा म्हणतात, देव नाही अशी जागा दाखव आणि तिथे माझे पाय ठेव. ज्या परंपरेत देव एका पिंडीत मावत नाही, तिला त्याच्यासाठी डार्विनच्या सिद्धान्तात फट शोधत बसण्याची गरज काय? विज्ञानाला आज न सुटलेल्या कोड्यात देव बसवायचा आणि उद्या कोडे सुटले की त्याला तिथून उठवायचे, यात मला देवाचाच अपमान दिसतो.

ठरवून केलेली निवड कशी असते, हे पाहायचे तर आमची हळद आहे. तिचे बी सहसा धरत नाही. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बेणे ठेवून लागवड चालते. चांगले जाड, निरोगी गड्डे कोणते आणि पुढच्या वर्षाला कोणते ठेवायचे, हे माझ्या सासूबाई डोळ्यांनी ठरवायच्या. तिथे हेतू होता, आणि तो आमच्या घरातल्या बाईचा होता. डार्विननेही १८५९ च्या आपल्या ग्रंथाची सुरुवात पाळीव कबुतरे आणि पिकांवरच्या अशाच माणसाच्या निवडीपासून केली. त्याची खरी झेप पुढची आहे: निवडणारे कोणी नसतानाही निवड होते. निवडण्याचे काम दुष्काळ करतो, थंडी करते, विष करते. बोंडअळीच्या बाबतीत ते काम आपणच केले, नकळत.

ठरवून केलेल्या रचनेचे दुसरे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे: दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होत आहे. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली, फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी तो पकडायचा. या यंत्राचा आराखडा दोन पिढ्यांच्या शास्त्रज्ञांनी विचारपूर्वक रचला. पण २०२५ मध्ये मारिओ क्रेन, येहोनातान ड्रोरी आणि लायगोमध्ये काम केलेले राणा अधिकारी यांनी एक वेगळीच गोष्ट प्रसिद्ध केली. त्यांनी संगणकाला आरसे, लेसर, भुजा असे सुटे भाग दिले आणि अधिक संवेदनशील मापक शोधायला सांगितले. कुठूनही सुरुवात करायची, थोडे थोडे बदलून पाहायचे, सुधारले ते ठेवायचे, असे त्याने असंख्य वेळा केले. त्यातून ५० आराखडे असे निघाले जे कागदावर तरी माणसाच्या आजच्या सर्वोत्तम आराखड्यांपेक्षा सरस होते. काही तर इतके विचित्र की ते का चालतात हे उलगडायला तज्ज्ञांनाच डोके लढवावे लागले.

बुद्धिमान रचनेचे पुरस्कर्ते यावर म्हणतात, बघा, संगणकामागेही माणूस होताच. होता, हे खरे. ‘आवाज कमी कर, लहर स्पष्ट ऐकू येऊ दे’ हे उद्दिष्ट माणसाने दिले होते. अळीला कोणी उद्दिष्ट दिले नव्हते, हाच तर दोघांतला फरक आहे. पण चांगली रचना सुचण्यासाठी प्रत्येक पायरीवर विचार करणारे डोके लागतेच, हा पेलीचा आधार या प्रयोगात उरत नाही. बदल, चाळणी आणि पुरेसा वेळ एवढ्यावरही तज्ज्ञाला कोड्यात टाकणारी रचना उभी राहते. कृत्रिम बुद्धिमत्तेची मर्यादाही मला इथेच दिसते. उद्दिष्ट दिले की ती माणसाच्या पुढे जाते. कोणते उद्दिष्ट ठेवावे, हे तिला ठाऊक नाही आणि त्याची तिला पर्वाही नाही. अळीत नसलेली हुशारी आपण तिला बहाल केली. यंत्रात नसलेला हेतू आता आपण त्याच्या पदरी घालतो आहोत. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे.

लायगोतलेच आणखी एक उदाहरण देते. तिथल्या नोंदींत खऱ्या लहरींपेक्षा खडखडाटच जास्त असतो. त्या खडखडाटाच्या खुणांचे प्रकार लावायला ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ नावाचा उपक्रम आहे. त्यात यंत्र आणि हजारो सामान्य नागरिक मिळून वर्गवारी करतात. यंत्राचा वेग माणसाला गाठता येणार नाही. पण ठरलेल्या एकाही प्रकारात न बसणाऱ्या काही खुणा स्वयंसेवकांच्या नजरेत भरल्या, आणि त्यांतून नवे प्रकार नोंदले गेले. यंत्राला दिलेले कप्पे भरता येतात; कप्पाच कमी पडतोय हे आधी माणसाला खटकले.

शेतीचेही तसेच. मुंबईच्या वाधवानी संस्थेचे ‘कॉटनएस’ हे ॲप कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा फोटो पाहून ते मोजते आणि फवारणीचा सल्ला देते. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग, ही धोक्याची पातळी; रात्रीच्या वेळी चष्मा लावून मोजत बसण्यापेक्षा हे फार चांगले. राज्य सरकारनेही २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी धोरण आणले, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद केली. मला हे हवे आहे. पण फोटोतल्या पतंगाच्या पोटात कोणते जनुक आहे, हे फोटोला दिसत नाही. ते कळते शेतातल्या अळ्या प्रयोगशाळेत नेऊन, विष मिसळलेले खाद्य देऊन, किती जगतात हे मोजल्यावर. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतली माणसे हे काम करतात. यंत्र शिकते ते कालच्या अळीवरून. उद्याची अळी आज कुठल्या तरी फरदडीत निवडली जात असते. हे ज्याला समजते तो ॲप नीट वापरेल. ज्याला समजत नाही तो ॲपवर तसाच विसंबेल, जसे आपण बीटीच्या पाकिटावर विसंबलो.

म्हणून मला पुस्तकांची चिंता आहे. एनसीईआरटीने ओझे कमी करण्याच्या नावाखाली दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातली उत्क्रांती काढली. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि नागरिकांनी या निर्णयाच्या विरोधात पत्र लिहिले. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, असे उत्तर मिळते. माझ्या वर्गातली किती मुले बारावीला जीवशास्त्र घेतात? बहुतेक दहावीनंतर आयटीआयला, कला शाखेला किंवा थेट रानात जातात, आणि बोंडअळीशी गाठ त्यांचीच पडणार आहे. आपल्या राज्य मंडळाचे पुस्तक याबाबतीत खरोखर चांगले निघाले. २०१८ पासूनच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’ मध्ये पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. डार्विनचा निवडीचा सिद्धान्त, अवशेषांगे, जोडणारे दुवे, मानवाची उत्क्रांती असे सगळे त्यात आहे. त्यात बोंडअळी मात्र नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याची पुस्तके आता इयत्तेगणिक बदलत आहेत. दहावीची पाळी येईल तेव्हा हा पाठ पहिल्या पानावरून हलू देऊ नका, ही अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. त्यात कापसाचे एक पान वाढवा आणि रेफ्युजीची पुडी कशासाठी होती ते लिहा. आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनो, पुस्तक येईपर्यंत थांबू नका. ऑक्टोबरात जवळच्या रानातून वीस बोंडे आणा आणि मुलांच्या हातून ती वर्गात फोडून घ्या.